टँक हा शब्द आपला, गुजरातचा की पोर्तुगीजांचा?

साखळीकर (धागाकर्ता)
मंडळी, मदत हवी आहे. मुलीला शाळेतून प्रकल्प मिळालाय: रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्या, त्याचे जमतील तेवढे अर्थ लिहा आणि मूळ शोधा. बाईसाहेबांनी निवडला टँक. मला वाटलं सोपं काम आहे. पाण्याची टाकी, रणगाडा, संपलं.
कोश उघडले आणि गोंधळ झाला. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तोही हिंदुस्थानातून, असं दिसतं. मूळ म्हणून गुजराती टांकूं आणि मराठी टांकें दिलंय. आणि लगेच पुढे पोर्तुगीज तांकचा उल्लेख, तोही पाणी साठवण्याच्या जागेचाच शब्द. म्हणजे मुलीने शेवटी लिहायचं काय? गोव्यात बसून हा प्रश्न सुटणार नसेल तर कुठे सुटणार?

मांडवीकाठ
टाकी आमची. विषय संपला.

कुळागरवाला
संपला कसा, आत्ता तर सुरू झाला. पण मीही आमच्याच बाजूचा.
सह्याद्रीतला कुठलाही किल्ला घ्या. कातळात खोदलेलं टाकं नाही असा किल्ला शोधूनही सापडायचा नाही. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, त्यांचं पाणी उन्हाळ्यातही असतं. हा काही पोर्तुगीजांनी शिकवलेला प्रकार नव्हे. गुजरात-राजस्थानात तर जुन्या घरांच्या अंगणाखाली टांका असतो. पावसाचं छपरावरचं पाणी त्यात उतरवायचं आणि वर्षभर प्यायचं. अहमदाबादच्या पोळांमधल्या घरांत आजही दाखवतात. वस्तू इथली, शब्दही इथलाच.

पोदेर
कुळागरवाले, वस्तू इथली म्हणून शब्द इथला हे गणित कुठलं? पाव आपण रोज खातो, शब्द पोर्तुगीज. पगार महिन्याला घेतो (मिळाला तर), शब्द पोर्तुगीज. चावी, घमेलं, लिलाव, तुरुंग, सगळे तिकडचे. याआधी आपल्याकडे कुलपं नव्हती की कैदी नव्हते?
पोर्तुगीज तांकची व्युत्पत्ती अगदी सरळ आहे. एश्तांकार म्हणजे वाहतं पाणी अडवणं. त्यावरून एश्तांक म्हणजे अडवलेलं पाणी. पुढचा एश् गळला आणि तांक राहिला. इंग्रजीतला रक्त थांबवणे या अर्थाचा स्टाँच हाही त्याच घरातला मानतात. लॅटिनपासून घराणं दाखवता येतं. तुमच्या टाक्याची वंशावळ दाखवा बघू.
जाता जाता: पोर्तुगीज काळात गोव्यात तंबाखूचा सरकारी मक्ता होता, त्याला एश्तांकु म्हणत. खुला व्यापार अडवून ठेवला म्हणून एश्तांकु. तीच धातू.

मांडवीकाठ
धातू पुल्लिंगी, तोच धातू. बाकी चालू द्या.

पोदेर
सोनं-चांदी पुल्लिंगी असेल, व्याकरणातली मी स्त्रीलिंगीच शिकलोय. पुढे चला.

डिचोलीची लेक
पोदेर बाब, एक अडचण आहे. पोर्तुगीजांकडे आपला ट नाही, त्यांचा त. तांक आपल्याकडे आला असता तर ताकी झाली असती. फीत बघा, तुरुंग बघा, कोंकणीतला तुवालो बघा. सगळीकडे त चा त राहिलाय. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत मात्र ट येतो, टेबल, टाय, टायर. आता टाकीतला ट इंग्रजीतून आला म्हणायचं तर किल्ल्यांवरच्या टाक्यांचं काय करणार? म्हणजे ट आपला, शब्द आपला.

पोदेर
बटाटा.

कुळागरवाला
😂😂

डिचोलीची लेक
बरं, बटाट्याचा एक गुण तुम्हाला. पोर्तुगीज बाताता, आपल्याकडे दोन्ही त चे ट झाले, मान्य. पण एका बटाट्यावर किती दिवस जेवणार?

साखळीकर
मुलगी शेजारी बसून वाचते आहे. तिला बटाटा फार आवडला. प्रकल्पात चित्र काढणार म्हणते.

नागेशीचं तळं
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. तुम्ही सगळे टाकी-टाकी करताय, पण इंग्रजीने आपल्याकडून जो टँक नेला तो मुळात टाकी नव्हताच. ते होतं तळं. डबा किंवा पिंप या अर्थाने टँक वापरायला लागले ते नंतर, सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी.
इंग्रजी माहितीपत्रकं उघडा. मंगेशीला टेंपल टँक, नागेशीला टेंपल टँक, फोंड्याच्या साफा मशिदीलाही टँक. मशीद १५६० ची, आदिलशाहीतली. चौकोनी, जांभ्या दगडात बांधलेलं, कडेने कमानींचे कोनाडे. आपण त्याला कधी टाकी म्हणू का? तळी म्हणतो, तळें म्हणतो. आमच्याकडे एकदा दिल्लीचे पाहुणे आले होते. हातात पुस्तक, विचारतात टँक किधर है. शेजारच्या पोराने गच्चीवरची काळी टाकी दाखवली. पाहुणे बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

काजूबोंडू
आणि त्यांनी फोटोही काढला असेल!

गिरगावकर सध्या म्हापसा
नागेशीताईंना अनुमोदन. आमच्या मुंबईत तर या तळ्यांची नुसती नावं उरली आहेत. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव. तिथे आता पाण्याचा थेंब नाही, बसथांबा आहे. गोवालिया टँक, जिथे गुरं धुवायला आणत. तोही बुजवला, त्यावरच्या मैदानात १९४२ चा चले जाव. धोबी तलावात ना धोबी ना तलाव. लहानपणी मी आजोबांना विचारायचो की सी. पी. टँकला रणगाडा कुठे ठेवलाय. ते म्हणायचे, पुढच्या स्टॉपला.
मुंबईबाहेरही तेच. कलकत्त्याच्या लालदिघीभोवतीच्या चौकाचं जुनं इंग्रजी नाव टँक स्क्वेअर. हैदराबादला हुसेनसागराचा बांध तो टँक बंड. इंग्रज गेला, तळी बरीचशी गेली, टँक राहिला.

हवालदार मेजर (निवृत्त)
रणगाड्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझी नोकरी चिलखती दलात झाली, भरतीच्या पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट आम्हाला उस्तादांनी ऐकवली होती. पुढे स्वतः वाचून खात्री केली.
१९१५ साली फ्रान्समध्ये खंदकांची लढाई अडून बसली होती. काटेरी तारा आणि मशीनगन, कुणीच पुढे सरकेना. ब्रिटिश नौदल खात्यात, चर्चिल तेव्हा तिथे होता, फेब्रुवारीत एक समिती बसली. तिचं नाव लँडशिप्स कमिटी, म्हणजे जमिनीवरची जहाजं. नौदलाचं डोकं ते, दुसरं काय सुचणार. लिंकन गावात फॉस्टर नावाचा शेतीची यंत्रं बनवणारा कारखाना होता, काम त्याला दिलं. पहिल्या नमुन्याचं नाव लिटल विली, दुसऱ्याचं मदर.
आता पंचाईत ही की एवढं मोठं लोखंडी धूड, कामगार बघणार, बाहेर बोलणार. शत्रूला कळता कामा नये. मग सांगितलं की मेसोपोटेमियातल्या वाळवंटात पाणी न्यायच्या गाड्या आहेत. आकारही तसाच, मोठ्या हौदासारखा. नाव काय द्यायचं? सिस्टर्न, रिझर्व्हॉयर असे शब्द पुढे आले. त्यातला सगळ्यात आखूड टँक, तो ठरला. १९१५ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. काही गाड्यांवर तर रशियन अक्षरांत 'जपून, पेत्रोग्रादकडे' असं रंगवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं माल रशियाला चाललाय.
१५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरले. ४९ नेमले होते, त्यातले बरेच वाटेतच बंद पडले किंवा रुतले. पण जे पोचले त्यांनी समोरच्यांची झोप उडवली. नाव तात्पुरतं होतं, ते कायमचं चिकटलं.
म्हणजे साखळीकर, तुमच्या मुलीला सांगा, रणगाड्याला टँक म्हणणं ही मुळात एक थाप आहे.

काजूबोंडू
मेजरसाहेब, कडक सलाम. मी असंही वाचलंय की समितीचं नाव आधी वॉटर कॅरिअर कमिटी ठेवणार होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आद्याक्षरं डब्ल्यू. सी. होतात. त्या कमिटीत बसायला कोण तयार होणार? खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट छान आहे.

हवालदार मेजर (निवृत्त)
आमच्या उस्तादांनीही हीच सांगितली होती. खरी असो नसो, फौजेत असल्या गोष्टी कुणी तपासत नाही.

मांडवीकाठ
मराठीने मात्र टँक घेतला नाही, रणगाडा केला. मला हा शब्द फार आवडतो. ऐकल्याबरोबर चित्र उभं राहतं.

डिचोलीची लेक
फ्रेंचांनीही नाही घेतला, ते शार म्हणतात, म्हणजे रथ किंवा गाडाच. जर्मन पान्झर, म्हणजे चिलखत. इटालियन कार्रो आर्मातो, हत्यारबंद गाडा. आपला रणगाडा फ्रेंच-इटालियनांच्या पंगतीत बसतो. रशियनांनी मात्र टँकच उचलला. टांक्याचा प्रवास काठेवाडापासून मॉस्कोपर्यंत.

पोदेर
काठेवाडापासून कशावरून? लिस्बनपासून म्हणा.

डिचोलीची लेक
पोदेर बाब, तुम्ही बटाटे सोला.

काजूबोंडू
पोरीला अर्थही हवेत ना? माझ्याकडून भर:
थिंक टँक. आज म्हणजे विचारवंतांची संस्था, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हा शब्द गमतीने डोक्यालाच म्हणत. विचारांची टाकी म्हणजे मेंदू. संस्था हा अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचा.
टँक टॉप, बिनबाह्यांचं ते बनियन. कळंगुट-बागाला दर दुसऱ्या पर्यटकाच्या अंगावर असतं. त्याचा रणगाड्याशी काही संबंध नाही. पोहण्याच्या तलावाला अमेरिकेत टँक म्हणत, त्यात घालायचा पोशाख तो टँक सूट, त्यावरून हा टॉप.
शेअर टँक झाला, सिनेमा टँक झाला, म्हणजे आपटला. हेही तलावातूनच आलं म्हणतात. मुष्टियुद्धात मुद्दाम हरणाऱ्याला 'टँकमध्ये उडी मारली' म्हणायचे. पैसे घेऊन पडायचं.
दारुड्यांची कोठडी, तीही टँक. आमच्या गावात तशी कोठडी बांधायची तर धरणाएवढी लागेल.

नागेशीचं तळं
म्हणजे टँक टॉपमधलाही टँक शेवटी तळंच! माझ्या मुद्द्याला बळकटी.

गिरगावकर सध्या म्हापसा
टँकर विसरलात. एप्रिल-मे आला की आमच्या इमारतीत याच शब्दाचा जप चालतो. एकशेवीस इंच पाऊस पडणाऱ्या राज्यात पाणी विकत घ्यायचं, आणि टँकरवाल्याचा फोन लागेल तर शपथ. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या टँकरच्या पाण्यात शेवाळ होतं. विचारलं तर म्हणे काका, ते नॅचरल आहे.

काजूबोंडू
सेंद्रिय पाणी. त्याचे वेगळे पैसे नाही मागितले हेच नशीब.

साखळीकर
आमच्याकडे नळाला पाणी आहे पण दाब नाही, म्हणून तर घरावर दुसरी टाकी चढवली.

कुळागरवाला
कुठली? सिंटेक्स का? कारण हल्ली कुठल्याही कंपनीची टाकी असो, लोक सिंटेक्सच म्हणतात. आणि तो कारखाना मूळ कलोलचा, म्हणजे गुजरात. टांकूंही गुजरातचं, प्लास्टिकची टाकीही गुजरातची. पोदेर, अजून पुरावा हवा?

पोदेर
हा पुरावा असेल तर मी पाव भाजायचं सोडतो.

सिकेरीचा मी
पाणी साठवण्याबद्दल बोलताय आणि आमच्या आग्वादचं नाव नाही! किल्ला १६१२ साली पुरा झाला. नावातच आग्वा, म्हणजे पाणी. युरोपातून आलेली जहाजं इथे थांबून गोडं पाणी भरून घ्यायची. किल्ल्याच्या मधोमध फरसबंदी चौक आहे, पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात, आणि बहुतेकांना माहीतच नसतं की पायाखाली खांबांवर उभी केलेली टाकी आहे. तेवीस लाख शहात्तर हजार गॅलन पाणी मावतं, असा आकडा सगळीकडे दिलेला असतो. या तळघरातल्या साठ्याला पोर्तुगीज तांक म्हणत नाहीत, सिश्तेर्न म्हणतात. त्यांच्याकडे तांक म्हणजे उघडा हौद, किंवा कपडे धुवायचा दगडी हौद. आमच्या शेजारच्या जुन्या घरात परसात तसला एक आहे, उतरत्या दगडी काठाचा. घरातली म्हातारी बाय अजून त्याला तांकच म्हणते.

पोदेर
बघा! गोव्यात तांक आहे, त ने आहे आणि वेगळ्या वस्तूला आहे. टाकी वेगळी. हे माझ्या बाजूचं की विरुद्ध, याचा विचार करतोय.

डिचोलीची लेक
विरुद्ध. 😄 तांक शब्द जिथे खरोखर पोर्तुगीजांकडून आला तिथे तो त नेच राहिला. धन्यवाद सिकेरीकर.

शिलालेखवाला
उशिरा आलो. कुळागरवाल्यांच्या किल्ल्यांच्या मुद्द्यावर थोडं पाणी ओततो. टाकी जुनी आहेत हे खरं. पण त्यांना तेव्हा टाकी म्हणत होते का? कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत, त्यात पाण्याच्या टाक्यांचं दान दिल्याचा उल्लेख येतो. शब्द आहे पोढी, पाणियपोढी. टाकं नव्हे. वस्तू दोन हजार वर्षं तीच, नाव बदललंय. तेव्हा खोदलेलं टाकं हा शब्दाच्या वयाचा पुरावा होत नाही.

कुळागरवाला
हे माहीत नव्हतं, चांगली भर. पण पोढी गेली आणि टाकं आलं ते कधी हेही त्यातून कळत नाही. पोर्तुगीज यायच्या आधी आलं असेल की.
आणि वंशावळ मागितली होती ना, घ्या. संस्कृत टंक म्हणजे छिन्नी. मराठीत पाथरवटाची टाकी अजून आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो ती. टाकीने खोदलं ते टाकं. किती सरळ!

शिलालेखवाला
सरळ आहे म्हणूनच शंका येते. काही कोशकार तडाग या शब्दाकडे बोट दाखवतात. दोन्ही शक्यता म्हणून ठेवा, मुलीच्या वहीत पक्कं म्हणून उतरवू नका.
टंकची दुसरी शाखा मात्र पक्की आहे. टंक म्हणजे शिक्क्याचं नाणंही. टंकशाळा, टांकसाळ, टका, बांगलादेशाचा टाका. दिल्लीच्या सुलतानांचं चांदीचं नाणं टंका. आणि गोव्याचा तांगा! पोर्तुगीज राजवटीत एका रुपियेचे सोळा तांगे होत. १९५८ मध्ये एश्कुद आला, एका रुपियेला सहा एश्कुद, आणि तांगा गेला.

मांडवीकाठ
आमची आजी शेवटपर्यंत तांग्यात हिशेब करायची. चार तांग्यांचे बांगडे आणले की आठवडाभर कालवण, असं सांगायची. आजच्या बाजारभावात तिला चक्करच आली असती.

सिकेरीचा मी
आज चार बांगड्यांचा भाव विचारला की गिऱ्हाईकाला चक्कर येते.

संपादक मंडळ
मासळीच्या भावावर आधीच दोन धागे चालू आहेत. इथे शब्दावर बोलूया.

पोदेर
बोलतो. मघापासून शोधत होतो ते सापडलं.
वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्या सफरीतल्या कुणीतरी लिहिलेली रोजनिशी आहे. ते लोक एका देवळात गेले, त्यांना ते चर्च वाटलं, भिंतीवरचे चार-पाच हातांचे देव त्यांना संत वाटले, ही गंमत सगळ्यांनी ऐकली असेल. त्याच वर्णनात देवळाच्या तळ्याचा उल्लेख आहे, घडीव दगडांचा मोठा तांक, वाटेत पाहिलेल्या इतरांसारखा. आता मला सांगा, पहिलं पोर्तुगीज जहाज. मलबारात उतरून काही दिवस झालेले. तिथे बोलतात मल्याळम, तिथे तळ्याला कुळम म्हणतात. यांनी गुजरातीतला टांकूं शिकला कधी आणि कुणाकडून? शब्द त्यांनी घरूनच आणला होता.

डिचोलीची लेक
हा मुद्दा भारी आहे. बटाट्यापेक्षा पुष्कळ वजनदार.

कुळागरवाला
भारी आहे, पण एकच बाजू सांगतो. पोर्तुगीजांकडे तांक आधीपासून होता, ठीक. प्रश्न इंग्रजीचा आहे. इंग्रज आले सुरतेत. टॉमस रो जहांगीराच्या दरबारात होता, त्याचा पाद्री एडवर्ड टेरी, १६१६ चा सुमार. तो लिहितो की नद्यांखेरीज या लोकांकडे पुष्कळ तळी आहेत, त्यांना ते टँक म्हणतात. ते म्हणतात! पोर्तुगीज म्हणतात असं नाही लिहिलं. सुरतेच्या आसपास ऐकू येणार काय? टांकूं.

पोदेर
सुरतेच्या बंदरात तेव्हा व्यापाराची बोली कोणती होती? पश्चिम किनाऱ्यावर तर मोडकीतोडकी पोर्तुगीज सर्रास चालायची. दुभाषे तीच बोलत. टेरीने कुणाच्या तोंडून ऐकलं हे तुम्ही कसं सांगणार?

कुळागरवाला
आणि तुम्ही?

शिलालेखवाला
दोघांनीही नाही सांगू शकत, आणि म्हणूनच कोशकार दोन्ही देतात. माझं मत असं. दोन शब्द वेगवेगळे जन्मले, योगायोगाने उच्चार आणि अर्थ जवळजवळ सारखे. या किनाऱ्यावर ते एकमेकांना भेटले. गुजराती दलाल टांकूं म्हणे, पोर्तुगीज कप्तान तांक म्हणे, दोघेही पाण्याकडेच बोट दाखवत. इंग्रजाला एकच शब्द ऐकू आला. त्याच्या कानाला ट आणि त मधला फरक कळतच नाही. शब्द इंग्रजीत रुजला कारण दोन्ही बाजूंनी त्याला खतपाणी मिळालं. साखळीकर, तुमच्या मुलीने दोन मुळं काढावीत आणि दोन्हींच्या खाली पुरावा लिहावा, १४९८ आणि १६१६.

नागेशीचं तळं
शिवाय मूळ अर्थ तळं, हे ठळक अक्षरात.

ग्रंथपाल काकी
साखळीकर, पोरीला घेऊन पणजीला पाट्ट्यावर मध्यवर्ती ग्रंथालयात या. १८३२ पासूनची परंपरा आहे त्या ग्रंथालयाची, पोर्तुगीज पुस्तकांचा संग्रहही चांगला आहे. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचं नाव तिला सांगा. जन्म १८५५ चा. १८९३ मध्ये कोंकणी-पोर्तुगीज कोश केला, पुढे पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत आणि आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांवर आयुष्य घातलं. आशियाई शब्दांचा त्यांचा दोन खंडांचा मोठा कोश १९१९ आणि १९२१ मध्ये निघाला. इथे तुम्ही दोन दिवस जे भांडताय ते या बार्देशकराने शंभर वर्षांपूर्वी एकट्याने, शब्द शब्द लावून केलंय. शाळेच्या प्रकल्पात गोव्याचा माणूस आला तर बाईंनाही बरं वाटेल. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते.

साखळीकर
काकी, देव बरें करूं. शनिवारी येतो. कन्येने आत्ताच जाहीर केलंय की दोन मुळं काढणार, एकावर टांकूं, एकावर तांक, आणि मधल्या खोडावर तळं. रणगाडा फांदीवर बसवायचा म्हणते. फांदी मोडेल म्हटलं तर म्हणाली, थापच आहे ना ती, वजन कसलं.

हवालदार मेजर (निवृत्त)
😂 पोरीला फौजेत पाठवा.

गिरगावकर सध्या म्हापसा
बीअर प्यायचा टँकर्ड राहिला की! तोही टँकवरूनच असणार.

शिलालेखवाला
नाही. टँकर्ड चौदाव्या शतकातला आहे, टँक इंग्रजीत यायच्या कितीतरी आधीचा. नुसतं साम्य.

काजूबोंडू
आणि टँक इंजिन? रेल्वेचं?

मांडवीकाठ
ते आपलं साधं पाण्याचंच. वाफेच्या मोठ्या इंजिनामागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा जोडलेला असतो. टँक इंजिनाला तो नसतो, बॉयलरच्या दोन्ही अंगांना किंवा वरती पाण्याच्या टाक्या असतात. मागे डबा नाही म्हणून उलट-सुलट दोन्ही दिशांना सारखंच पळतं, यार्डात डबे ढकलायला सोयीचं. पाणी कमी मावतं, त्यामुळे लांब पल्ल्याला फारसं लावत नाहीत. मुलीला हे फांदीवर बसवायला हरकत नाही, पण याला वजन आहे.